देवघरांतील सोन्याचा रुपया

आमच्या देवघरांत, शाळिग्रामाच्या डबीशेजारीं, एक सोन्याचा रुपया सहा वर्षें होता. सोन्याचा म्हणजे सोन्याच्या रंगाचा. परंतु हा खुलासा आज आम्ही जितक्या सहजपणें करीत आहों, तितक्या सहजपणें तो त्या सहा वर्षांत आमच्या तोंडून कधीं निघाला नाहीं. वाण्याकडून आलेल्या सुट्या पैशांत तो आला. १९९८ सालचा, एका बाजूस सिंहमुद्रा व दुसऱ्या बाजूस धान्याचीं कणसें असलेला नेहमींचा रुपया. पण नेहमींचा रुपया पोलादाचा म्हणून पांढरा, आणि हा हळदीसारखा पिवळा. टांकसाळींत कांहीं तरी विपरीत घडलें आणि त्याचें फळ नेमकें आमच्या हातीं पडलें, अशी आमची खात्री झाली. पाहुणे आले म्हणजे तो तबकांत घालून आम्ही दाखवीत असूं, व कोणत्या धातूची चकती कोणत्या यंत्रांत शिरली असावी यावर एक लहानसें प्रवचनही करीत असूं. पस्तीस वर्षें वर्गापुढें उभ्या राहिलेल्या माणसास प्रवचनाला विषय लागतो. विषय खरा असावाच लागतो असें नाहीं.

त्याच काळांत दुसरें एक नाणें आमच्यापुढें आलें, आणि त्यास आम्हीं खोटें ठरविलें. हा लेख लिहिण्याचें खरें कारण तें दुसरें नाणें होय.

आमच्या आळीच्या तोंडाशीं एक वृद्ध भाजीवाली बसते. सारी आळी तिला मावशी म्हणते, आम्हीही म्हणतों. एके दिवशीं सकाळीं मेथीची जुडी घेऊन आम्हीं नोट दिली, तेव्हां परत आलेल्या पैशांत दोन रुपयांचें म्हणून एक विचित्र नाणें होतें. एका बाजूस सिंहमुद्रा नीट उठलेली होती. दुसऱ्या बाजूस मात्र दोनाचा आंकडा नाहीं, रुपयाचें चिन्ह नाहीं, सालही नाहीं. तेथें पुनः तीच सिंहमुद्रा, पण खोल गेलेली व आरशांत दिसावी तशी उलटी. ‘सत्यमेव जयते’ हीं अक्षरेंसुद्धां उजवीकडून डावीकडे चाललेलीं! आम्हीं तें नाणें तिच्या टोपलीच्या कांठावर ठेविलें आणि म्हणालों, “मावशी, हें खोटें आहे. कुणी तरी तुम्हांला फसविलें.”

ती म्हणाली, “गुरुजी, सकाळच्या पारी एका पोरानं दिलं बघा. मला कुठं वाचाया येतंय?”

शेजारीं तीनचार गिऱ्हाइकें उभीं होतीं. त्यांच्यादेखत आम्हीं तिला नाणें दोन्ही बाजूंनीं पाहून घेत जाण्याचा उपदेश केला. तिनें निमूटपणें कमरेच्या पिशवींतून दुसरें नाणें काढून दिलें. दोन रुपयांनीं आमचें कांहीं अडणार नव्हतें; नुकसान तिचें होत होतें. तरी न्याय केल्याच्या समाधानांत आम्ही मेथी घेऊन घरीं आलों, आणि देवघरांतील सोन्याच्या रुपयाला नेहमींप्रमाणें फूल वाहिलें.

पुढें एकदां आमच्या भाच्यानें आपल्या मोबाइलवर एक जाहिरात दाखविली. टांकसाळींतून चुकून निघालेलीं नाणीं लाखों रुपयांस विकत घेतों, असें तींत छातीठोकपणें म्हटलें होतें. आमच्या मनांत लोभ नव्हता असें म्हटल्यास तें खोटें होईल. दिलेल्या क्रमांकावर आम्हीं रुपयाचें छायाचित्र पाठविलें. उत्तर तत्काळ आलें: नाणें अति दुर्मिळ आहे, मूल्य अमुक लक्ष, परंतु प्रथम नोंदणीचें शुल्क पाठवावें. आम्ही भाच्यास पैसे पाठविण्याची कृति विचारीत असतां सौभाग्यवती स्वयंपाकघरांतूनच म्हणाल्या, “विकणारा पैसे घेतो, का देतो?” संस्कृतांतील सारें तर्कशास्त्र या एका प्रश्नापुढें गप्प बसलें. मागाहून कळलें कीं, रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्येंच असल्या व्यवहारांविषयीं लोकांस सावध केलें होतें. जुन्या नोटा व नाणीं यांच्या खरेदी-विक्रीसाठीं बँकेचेंच नांव पुढें करून शुल्क, दलाली अथवा कर मागणारे ठक सुटले आहेत आणि आपला त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं, असें तिनें स्पष्ट सांगितलें होतें.

तथापि नाणें खरोखर काय आहे, हा प्रश्न उरलाच. म्हणून तें रुमालांत बांधून आम्ही बाजारपेठेंतील एका सराफाकडे गेलों. हा गृहस्थ आमचा जुना विद्यार्थी. संस्कृतांत तो कधीं पहिला आला नाहीं. पण नाण्यांचा त्याला लहानपणापासून नाद. त्यानें आम्हांस बसवून चहा मागविला, रुपया हातांत घेतला, आणि कांहींएक न बोलतां मेजाच्या खणांतून एक लहानसा लोहचुंबक काढून त्याच्या जवळ नेला. रुपया टुणकन् उडी मारून त्यास चिकटला!

“गुरुजी, सोनं चुंबकाला चिकटत नाही, पितळही चिकटत नाही. आत पोलाद आहे,” तो अगदीं हळू आवाजांत म्हणाला. एऱ्हवीं लोकांचें पितळ उघडें पडतें. आमचें पोलाद उघडें पडलें.

नंतर त्यानें भिंग आमच्या हातीं दिलें व काय दिसतें तें आम्हांसच सांगावयास लावलें. वर्गांत आम्ही जें करीत होतों तेंच तो आतां आमच्यावर करीत होता. सिंहाच्या आयाळीचा उंचवटा, आंकड्याची कड आणि नाण्याचा कांठ, म्हणजे जेथें जेथें बोटांचें घर्षण अधिक, तेथें पिवळा रंग विरून खालचा पांढरा धातु डोकावत होता. अक्षरांच्या कडा नेहमींसारख्या तीक्ष्ण नव्हत्या. दाट रंग दिलेल्या दारावरील कोरीव कामाप्रमाणें त्या बुजल्यासारख्या झाल्या होत्या. पण सर्वांत निर्णायक साक्ष एका ओरखड्यानें दिली. रुपयाच्या मोकळ्या जागेवर एक जुना ओरखडा होता, आणि त्या ओरखड्याचा तळही पिवळाच होता. टांकसाळींत हें नाणें पिवळें जन्मलें असतें आणि हा मुलामा नसता, तर चुंबकानें तें ओढलें नसतें. आणि पिवळा रंग बाजारांत येण्यापूर्वींचा असता, तर ओरखड्यानें तो थर खरवडून तळाशीं पांढरें पोलाद दाखविलें असतें. म्हणजे रुपया प्रथम बाजारांत हिंडला, तेथें त्यास ओरखडा पडला, आणि त्यानंतर कोणीं तरी त्यास मुलामा दिला.

विजेच्या साहाय्यानें असा मुलामा देणें हें आतां अगदीं सोपें काम झालें आहे. कोणी लक्ष्मीपूजनासाठीं देतो, कोणी बारशाला द्यावयाची भेट म्हणून, कोणी केवळ गंमत म्हणून. देणाऱ्याचा हेतु बहुधा निष्पाप असतो. पुढें तें नाणें गर्दींत सुटतें, आणि आमच्यासारख्या पंडिताच्या हातीं लागून देवघरांत जाऊन बसतें.

त्या पेढीवर बसल्या बसल्या आम्हांस एका गोष्टीची मनस्वी लाज वाटली. पाणिनीनें ‘रूप’ या शब्दाला ‘आहत’ या अर्थीं प्रत्यय लावून ‘रूप्य’ हा शब्द साधला आहे. आहत म्हणजे ठोकलेलें. ज्याच्यावर आघात करून रूप उठविलें तें रूप्य. आपल्या रुपयाचें कूळ हेंच. ही व्युत्पत्ति आम्हीं किती वर्गांना सांगितली याची गणती नाहीं. परंतु तींत नाणेपरीक्षेची सारी किल्ली आहे हें आम्हांस कधीं सुचलें नाहीं. नाण्याला रूप येतें तें ठशाच्या एका आघातानें. तेव्हां कोणतेंही चमत्कारिक नाणें हातीं आलें कीं, एकच प्रश्न विचारावयाचा: हा चमत्कार आघातापूर्वींचा आहे, आघाताच्या क्षणाचा आहे, कीं आघातानंतरचा? पहिले दोन टांकसाळीचे, तिसरा जगाचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाणीं पारखणाऱ्या अधिकाऱ्यास ‘रूपदर्शक’ म्हटलें आहे. आम्हीं सहा वर्षें रूप पाहिलेंच नाहीं. रंग तेवढा पाहिला.

आमच्या विद्यार्थ्यानें मग टांकसाळीची रीत समजावून दिली. धातूच्या लांब पट्टींतून कोऱ्या चकत्या कापतात. त्या तापवून मऊ करतात, त्यांचा कांठ किंचित् उंच करतात, आणि मग एका कड्यांत बसवून वरच्या व खालच्या ठशांमध्यें जबर दाबानें छापतात. यांतील प्रत्येक पायरीस चूक होऊं शकते, व प्रत्येक चूक आपली खूण मागें ठेविते.

पट्टी पुढें सरकण्यांत कसर राहिली तर पुढची चकती आधींच पडलेल्या भोंकावर कापली जाते, व नाण्याचा चंद्रकोरीएवढा तुकडा जन्मतःच नसतो. अशा नाण्यांत त्या कोरीच्या बरोबर समोरचा कांठही बहुधा अशक्त उठलेला असतो. कारण कांठ उंच करणाऱ्या यंत्रास समोरून दाब मिळालेला नसतो. कानशीनें घासून केलेल्या बनावट कोरीच्या समोर मात्र कांठ धडधाकट असतो. चकती कड्यांत नीट बसली नाहीं तर छाप एका अंगास सरकतो आणि दुसरें अंग कोरें राहतें. ठसा जुना होऊन तडकला तर त्या भेगेंत धातु शिरतो. म्हणून खऱ्या नाण्यावर ती रेघ उंच उठलेली असते. बाजारांत पडलेला ओरखडा याच्या उलट, नेहमीं खोल असतो. बोटाच्या नखाला कळणारा हा एक भेद ध्यानांत ठेविला तरी अर्धी परीक्षा झाली.

दहा रुपयांच्या दुधातूच्या नाण्यांत मधली चकती आणि बाहेरचें कडें हीं एकाच आघातानें जुळतात व एकाच ठशानें छापलीं जातात. अर्थात् मधील भाग बाहेरच्या भागाशीं तिरपा फिरलेला दिसला, किंवा कडें एका छापाचें व पोट दुसऱ्या छापाचें दिसलें, तर कोणीं तरी तें मागाहून काढून बसविलें आहे, असें बेलाशक समजावें.

त्यानें आणखी एक सूत्र सांगितलें, तें आम्हांस फार आवडलें. चूक होण्यासही सामग्री लागते. पांच रुपयांचें पिवळें नाणें, ज्यांत तांबें, जस्त व निकेल आहे, तें २००९ पासून आलें. १९९८ सालीं आपल्या रुपयाच्या यंत्रांत तसली पिवळी चकती शिरावयाची तर ती यावी कोठून? घरांत मीठच नसेल तर आमटी खारट कशी होणार?

चुंबकावरही एकट्यावर विसंबूं नये, असें त्यानें बजावलें. पांच रुपयांचीं जुनीं जाड नाणीं तांबें व निकेल यांचीं आहेत. त्यांस चुंबक मुळींच ओढीत नाहीं, मग वर मुलामा असो वा नसो. तेथें उंचवटे व ओरखडे यांचीच साक्ष घ्यावी, व कांट्यावर वजनही करावें. कांहीं देशांत मुलामा हाच नाण्याचा स्वभाव आहे: अमेरिकेचा सेंट १९८२ पासून २०२५ पर्यंत जस्तावर तांब्याचा पातळ थर देऊन होत असे, आणि इंग्लंडची पेनी १९९२ पासून पोलादावर तांबें चढवून होते. तेथें मुलामा नसलेलें नाणें ही टांकसाळीची चूक असूं शकते. आपल्या चालू नाण्यांत तशी रीत नाहीं. म्हणून आपल्याकडे मुलामा दिसला कीं तो बाहेरचा समजावा.

ही फसगत आपल्याच देशांतील नव्हे. अमेरिकेंत १८८३ सालीं पांच सेंटचें नवें नाणें निघालें. त्यावर पांचाचा रोमन आंकडा होता, पण ‘सेंट’ हा शब्द नव्हता. ठकांनीं त्यास सोन्याचा मुलामा देऊन पांच डॉलरचें सुवर्णनाणें म्हणून तें खपविलें, आणि त्याच वर्षीं सरकारला तो शब्द घालावा लागला. पुढें १९४३ सालीं युद्धासाठीं तांबें वांचवावें म्हणून तेथील सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचे पाडले. परंतु कांशाच्या थोड्या चकत्या चुकून छापल्या गेल्या, व तीं मोजकीं नाणीं संग्राहकांत अमोल ठरलीं. लगेच पोलादी सेंटांवर तांबें चढविणारेही निघाले. त्या सालचा तांबडा सेंट दिसला कीं जाणता मनुष्य आजही प्रथम चुंबक काढतो. एका खऱ्या चुकीच्या मागें किती खोट्या चुका रांग लावतात, पाहा!

एवढें झाल्यावर आमच्या विद्यार्थ्यानें आपला संग्रह दाखविला. त्यांतील चौथ्या कीं पांचव्या नाण्यावर आमची दृष्टि गेली आणि हातांतला चहाचा पेला तसाच राहिला. एका बाजूस सिंहमुद्रा. दुसऱ्या बाजूस तीच सिंहमुद्रा, खोल व उलटी.

“हें खोटें ना?” आम्हीं विचारलें.

“छे, गुरुजी! हे तर अस्सल,” तो म्हणाला. छापलेलें एखादें नाणें खालीं न पडतां एका ठशालाच चिकटून राहतें. त्यावर पुढची कोरी चकती येते. तिच्या एका अंगावर खऱ्या ठशाचा छाप उठतो; दुसऱ्या अंगावर मात्र चिकटलेल्या नाण्याचेंच तोंड रुततें, म्हणून तेथें चित्र खोल व उलटें उमटतें. दोन नाणीं व्हाइसमध्यें दाबून याची नक्कल करणारे आहेत. परंतु नकलेंत त्या बाजूचा मूळचा आंकडा चेंगरलेला कां होईना, खालीं शिल्लक दिसतो. अस्सल नाण्यांत तेथें आंकडा कधीं उठलेलाच नसतो. मावशीच्या नाण्यावर दोनाचा आंकडा मुळींच नव्हता. ज्या खुणेवरून आम्हीं तें खोटें ठरविलें, तीच त्याच्या खरेपणाची खूण होती!

अशा नाण्याला लाख रुपये मिळतात काय, असें आम्हीं विचारलें नाहीं. त्यानेंच सांगितलें कीं, लाखांच्या गोष्टी जाहिरातींतल्या. पण शौकीन माणूस दोन रुपयांहून पुष्कळ अधिक देतो. मावशीच्या पिशवींतून तें पुष्कळ अधिक आम्हीं आमच्या उपदेशानें काढून घेतलें होतें.

खरें नाणें खोटें ठरविण्याचें पाप आम्हीं एकट्यानेंच केलें असें नाहीं. दहा रुपयांचीं नाणीं निरनिराळ्या छापांचीं निघालीं तेव्हां गांवोगांवच्या दुकानदारांनीं तीं नाकारलीं, आणि अखेर जानेवारी २०१८ मध्यें रिझर्व्ह बँकेस सांगावें लागलें कीं, चौदाही छाप कायदेशीर आहेत. परंतु इतरांनीं अज्ञानानें नाकारलें. आम्हीं ज्ञानाच्या ऐटींत नाकारलें. शिवाय शिक्षकाचा धंदाच चूक ओळखण्याचा. उत्तरपत्रिकेंतील कोणती चूक मुलाच्या विचारांतून उपजली आहे व कोणतें सुंदर वाक्य दुसऱ्याच्या वहींतून वर चढविलेलें आहे, हें पाहणें हेंच आमचें काम होतें. त्या पस्तीस वर्षांत किती मुलामे आम्हीं देवघरांत बसविले आणि किती अस्सल चुकांना चार जणांदेखत खोटें म्हटलें असेल, हा विचार त्या संध्याकाळीं घरीं येतांना मनांतून जाईना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही मावशीकडे गेलों. मुद्दाम गर्दीची वेळ साधून गेलों. जें बोल लोकांदेखत बोललों ते लोकांदेखतच परत घेणें प्राप्त होतें. आम्हीं विचारलें, “मावशी, मागें मीं खोटें म्हणून परत दिलेलें तें नाणें आहे का हो?”

“ते होय?” ती म्हणाली. “ते गणपतीच्या पेटीत टाकलं. तुम्ही खोटं म्हणालात, मग गिऱ्हाइकाला कसं द्यायचं? देवाला चालतंय.”

आम्हीं सांगितलें कीं, नाणें खरें होतें. खोटें होतें तें आमचें बोलणें. टांकसाळ कशी चुकते हें दोन वाक्यांत सांगून पाहिलें. तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “मग देवाला खरंच गेलं म्हणायचं. बरं झालं.” आम्हीं एक मोठी नोट पुढें केली; ती तिनें घेतली नाहीं. दोन रुपये मात्र हिशेबाचे म्हणून घेतले, नाणें दोन्ही बाजूंनीं उलटून पाहिलें, आणि मगच पिशवींत टाकलें. आमचा उपदेश तिनें पाळला होता. शेजारचीं गिऱ्हाइकें हंसलीं. आम्हीही हंसलों, पण आमचें हंसणें थोडें निराळें होतें.

ज्या घरीं सुटे पैसे येतात त्या प्रत्येक घरीं एक लहान चुंबक व एक भिंग असावें, एवढें आमचें वाचकांस सांगणें आहे. विचित्र नाणें हातीं आलें तर तें घासूं नये, चिंच लावूं नये, विकत घेण्याच्या जाहिरातीस पैसे पाठवूं नयेत. आघातापूर्वीं, आघातासमयीं कीं आघातानंतर, एवढें शांतपणें विचारावें. आणि तें नाणें आपल्याहून गरीब माणसाच्या हातचें असेल, तर उत्तर हातीं येईपर्यंत ‘खोटें’ हा शब्द उच्चारूं नये.

सोन्याच्या रुपयाचें काय केलें, असें कोणी विचारील. देवघरांतून तो निघाला. आमच्या लिहिण्याच्या मेजावर आतां तो असतो, चुंबकाला घट्ट चिकटलेला. आणि पाहुणे आले म्हणजे आम्ही अजूनही तो दाखवितों. प्रवचन मात्र पूर्वींपेक्षां बरेंच लहान झालें आहे.